पाण्यातले देव

माझ्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला त्याचा अभिमान होता आणि अजूनही आहे. आजोबा नरखेड तालुक्यात दुसऱ्यांच्या वावरात राबले, बाबा नागपुरात लकडगंजला आरा मशीनवर सागाचे ओंडके कापत राहिले, आणि मी बी.एस्सी. होऊन सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलो. निकाल लागला त्या दिवशी मायनं देवांपुढे पेढा ठेवला आणि त्यांना म्हणाली, "खा. पण अभ्यास यानं केला, तुमी नाही."

माय देवाशी अशीच बोलायची. स्वयंपाकाच्या खोलीत कोपऱ्यात एक छोटा देव्हारा होता, बाबांनी मशीनवरच्या उरलेल्या फळ्यांचा ठोकून केलेला. त्यात पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, महादेवाची पिंड आणि कुलदैवताचा चांदीचा टाक, इतका झिजलेला की त्यावर कोण कोरलेलं आहे हे फक्त मायलाच दिसे. त्यांना अंघोळ घालता घालता ती सगळं सांगायची. डाळ शिजत नाही, नळाला पाणी आलं नाही, शेजारीण उगाच रुसून बसली. एखाद्या दिवशी नुसतंच पाणी ओतायची आणि म्हणायची, "आज मले तुमच्याशी बोलाचं मन नाही." आपण फार सोशिक आहोत, फार भाविक आहोत असं सोंग तिनं त्यांच्यापुढे कधी केलं नाही.

बाबांची पूजा म्हणजे कामावर निघताना चौकटीला हात लावायचा आणि तोच हात कपाळाला लावायचा. मी शाळेत पाठ केलेलं स्तोत्र घडाघडा म्हणायचो आणि शेवटी "देवा, तुझी इच्छा" असं म्हणायचो. ते म्हणताना मला स्वतःबद्दल बरं वाटायचं. इच्छा त्याची असो की कोणाची, तोवर माझं सगळं ठीकच चाललं होतं.

मायचं दुखणं पायांपासून सुरू झालं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. थंडी सरत आली होती. संध्याकाळी तिचे पाय सुजायचे, सकाळी उतरायचे. मग सकाळीही उतरेनात. पायातली जोडवी बोटांत रुतली, कातडी वर आली. साबण लावला, तेल लावलं, निघेनात. शेवटी बाबांनी कामावरून पक्कड आणली. नवरा जिवंत असताना जोडवी तोडायची म्हणून ते पक्कड लावायचे आणि परत काढून घ्यायचे. माय म्हणाली, "कापा ना बिनघोर. सागवान कापता, हे तं बोट आहे." ती हसली, पण बाबा हसले नाहीत. तुटलेली जोडवी त्यांनी रुमालात बांधून पेटीत टाकली.

सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या. मी शिकलेला आहे हे कळल्यावर तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडं आक्रसून गेली आहेत. शरीरातलं पाणी आणि घाण बाहेर पडत नाही. रक्त धुण्याचं यंत्र मुंबईला असतं, पण आपल्यासारख्यांनी त्याच्या मागे लागू नये. घरी न्या, मीठ बंद, डाळ बंद, फळं बंद, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पाणी मोजून. मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, पथ्य पाळलं तर काही महिने.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं, शेवटचं वाक्य सोडून. तेही त्यांनी माझ्या तोंडावरून वाचलं असावं, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मायला फक्त पथ्य सांगितलं. सरबताची एक रिकामी बाटली होती, तिच्यावर मी ब्लेडनं खूण केली. रोज सकाळी त्या खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि तेवढंच दिवसभर पुरवायचं. चहा घेतला तर तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. माय बाटलीकडे पाहून म्हणाली, "येवढं तं मी तुळशीले टाकते."

महिनाभर ते जमलं. मग आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, नरखेडकडच्या गावात दिलेली. एसटीनं आली ती थैलीभर संत्री घेऊन. मृग बहाराची शेवटची तोड होती. फळं बंद म्हटल्यावर ती चिडली. नागपुरात राहून संत्रं बंद म्हणजे काय, कोणत्या डॉक्टरची ही अक्कल. मायनं एक संत्रं हातात घेतलं, नखानं साल थोडी उचकटली, वास घेतला आणि परत दिलं. खोलीभर तो वास झाला. ती म्हणाली, "घ्या तुमी सगळे. मी नाकानं खाल्लं."

आत्यानं दुसऱ्या दिवशी देव पाण्यात ठेवले.

आमच्याकडे ही रीत आहे. घरावर मोठं संकट आलं की देव देव्हाऱ्यातून उचलायचे आणि पाण्यात बुडवून ठेवायचे. आम्ही अडचणीत आहोत तर तुम्हीही रहा, असा त्याचा अर्थ. मागणं पूर्ण झालं की बाहेर काढून पूजा करायची. त्याआधी काढले तर मागणं मागे घेतल्यासारखं, मग जे व्हायचं ते होणार. आत्यानं पितळी गंगाळ घासून लखलखीत केलं, त्यात काठोकाठ पाणी भरलं, एकेक देव आत सोडला आणि वर फूल तरंगत ठेवलं. हात जोडून म्हणाली, माझ्या भावजयीला उठवून बसवा, मगच तुम्हाला बाहेर काढते. गंगाळ ठेवलं ते मायच्या खाटेसमोर, भिंतीला लागून, म्हणजे देवांची नजर तिच्यावर राहील.

एप्रिल संपला, मे लागला. ज्यांनी नागपूरचा मे काढला आहे त्यांना मी काही सांगायला नको, आणि ज्यांनी नाही काढला त्यांना सांगून कळणार नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नसे. बाबांनी खिडकीला खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बांधल्या होत्या आणि त्यांच्यावर तासातासाला बादलीनं पाणी मारावं लागे. ते काम माझं किंवा आत्याचं. ताटीवरून पाणी निथळायला लागलं की माय डोळे मिटून घ्यायची. मला आधी वाटलं, गारवा लागतो म्हणून. मग एकदा पाहिलं तर तिची जीभ ओठांवरून फिरत होती. ती जीभ पांढरी आणि भेगाळलेली होती. तोंडाला एक वास यायला लागला होता, लघवीसारखा. अंग इतकं खाजायचं की तिनं दंडावर ओरखडे काढून ठेवले होते.

आणि समोर ते गंगाळ. एका दुपारी ती मला म्हणाली, "पाय गा, कसे मजेत बसले हायेत. त्यायले काठोकाठ आन मले बाटली."

मी म्हणालो, "माय, शिक्षा म्हणून ठेवलं त्यायले."

"अशी शिक्षा मले द्या ना मंग."

सूज वाढत होती. वस्तीतले डॉक्टर आठवड्याला येऊन बघून जायचे. चेहरा सुजला, पोटात पाणी झालं, आडवं झोपता येईना, तिला लोडाला टेकवून बसवावं लागे. डॉक्टरांनी विचारलं, पाणी जास्त देता का. आम्ही शपथेवर नाही म्हटलं, आणि आम्ही खोटं बोलत नव्हतो. बाटलीच्या खुणेवर एक घोट इकडेतिकडे झाला नव्हता. ते म्हणाले, मग हे पाणी येतं कुठून?

मी रजा काढली आणि घरी बसलो. मग दिसलं. सकाळी आत्यानं गंगाळातलं पाणी बदललं. जुनं पाणी फेकायचं नसतं, ते देवाचं तीर्थ. तिनं मायच्या तळहातावर पळीनं तीर्थ घातलं, माय ते प्यायली, तिनं पुन्हा हात पुढे केला, आत्यानं पुन्हा घातलं. थोड्या वेळानं मागच्या गल्लीतल्या एक बाई रामटेकहून आणलेलं तीर्थ घेऊन आल्या. मग कोणीतरी गंगाजळाचं सीलबंद तांब्याचं भांडं फोडून आणलं. मायनं सगळ्यांपुढे हात केला. दुपारी डोळे उघडून म्हणाली, "आत्याबाई, थोडं तीर्थ द्या वं, जिवाले बरं वाटते." बायका आपसात बोलल्या, आजारात माणूस देवाला विसरतं, पण हिची श्रद्धा पहा. संध्याकाळपर्यंत बाटलीत होतं तितकंच पाणी तिच्या पोटात तीर्थ म्हणून गेलं असेल.

आमच्या घरात कोणालाच हे मोजावंसं वाटलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर रसायनशास्त्र शिकलेला. तीर्थ हे पाणी नव्हे, हे आमच्या हाडात इतकं बसलेलं होतं. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते क्षणभर हसले, मग हसू पुसून म्हणाले, "अहो, किडनीला काय कळतं कोणतं पाणी कुठलं आहे ते."

तीर्थ बंद करा असं मी घरी आल्याआल्या सांगितलं. स्पष्टच सांगितलं, गोडीगुलाबी मला जमत नाही. आत्या म्हणाली, शिकून नास्तिक झाला. देवाच्या पाण्यानं कधी कोणाचं वाईट झालं आहे का? मी म्हटलं, या खोलीत होऊन राहिलं आहे. ती रडत स्वयंपाकाला गेली.

मला वाटलं होतं माय माझ्यावर रागावेल. तिनं मला जवळ बसवलं. श्वास लागत होता, तुकड्या तुकड्यानं बोलली.

"मले मालूम होतं गा. तीर्थ बी पाणीच असते, हे मले नाही मालूम? त्या बाया म्हणून राहिल्या होत्या, किती भक्ती, किती भक्ती. भक्ती नव्हती. तहान होती. तहान लागली की मी देवाचं नाव घ्याची."

मी म्हटलं, बरं केलंस.

"बरं काय केलं. आजपावतर मी त्यायच्याशी खोटी नाही वागली. जे होतं ते तोंडावर सांगतलं. आन आता मरताना चोरून त्यायचं पाणी पिऊन राहिली, वरून हात जोडून."

'मरताना' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. मी तिला गप्प करायला गेलो. तिनं माझा हात बाजूला केला.

तीर्थ बंद झालं आणि खरे हाल सुरू झाले. सूज थोडी उतरली, पण तहान अनावर झाली. ओला कपडा ओठांवर ठेवला की ती तो दातांनी पिळायची. शेजारच्या घरातली बाई दुपारी येऊन तिच्याजवळ बसायची. ते बौद्ध कुटुंब, छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं. त्या बाईनं तीर्थ कधी आणलं नाही, पंखा मात्र मनगट दुखेपर्यंत हलवला. मायनं तिला एकदा विचारलं, "तुमी अशा टायमाले कोणाले मागता वं?"

ती म्हणाली, "कोणाले नाही मागत, बाई. वंदना म्हणतो. मागाचं काई नसते त्याच्यात."

"मंग भांडता कोणाशी?"

"घरवाल्याशी," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. मायला त्या हसण्यानं खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

घरात मागणं जोरात चालू होतं. आत्या रोज गंगाळापुढे बसून तेच मागायची, उठवून बसवा. मीही माझं स्तोत्र म्हणत होतो आणि शेवटी सवयीनं तुझी इच्छा म्हणत होतो, आणि ते साफ खोटं होतं. मला त्याची इच्छा नको होती. माझी माय पाहिजे होती. बाबा काही मागत नव्हते. ते कामावरून आले की अंगावरचा भुसा न झटकताच तिच्या पायथ्याशी बसायचे आणि सुजलेल्या पायावर बोट दाबून खड्डा किती वेळ राहतो ते बघायचे.

एका सकाळी बाबा डबा घेऊन निघाले होते. चौकटीला हात लावला आणि आतून मायचा आवाज आला. ती आमच्याशी बोलत नव्हती. गंगाळाकडे बघत होती.

"तुमी यायचं आयकू नका. हे सारे म्हणून राहिले, वाचवा, वाचवा. एका घरातून दोन मागणे येऊन राहिले तुमच्याकडं. मी माह्यं सांगते. मले असं नाही जगाचं. मले पाणी पाहिजे. पोटभर. बाकी मले आज काईच नको."

आत्यानं कानांवर हात ठेवले. माझ्या हातात बादली होती, ती मी खाली ठेवली. बाबांचा हात कपाळापर्यंत गेलाच नाही. ते तसेच चौकटीला धरून उभे राहिले, मग निघून गेले.

माय मागाहून मला म्हणाली, बाबांना सांग देव बाहेर काढायला. हे मागणं आता माझं नाही. मी म्हटलं, आत्या काढू देणार नाही. ती म्हणाली, आत्याबाईला नको विचारू, बाबाला विचार. जिच्यासाठी कोंडलं आहे तीच सोडा म्हणते.

बाबा दुपारी परत आले. आयुष्यात त्याआधी ते कधी दुपारी घरी आल्याचं मला आठवत नाही. मशीन बंद पडलं म्हणून नाही, सुट्टी मागून आले होते. वाटेत डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी काय विचारलं ते नंतर मला डॉक्टरांकडूनच कळलं. हे पथ्य पाळलं तर ती जगते का? डॉक्टर म्हणाले, काही दिवस. आणि पाणी दिलं तर? डॉक्टर म्हणाले, त्यापेक्षा कमी. मग बाबांनी विचारलं, ते जे जास्तीचे दिवस आहेत, त्यात तिची तहान कमी होईल? डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

घरी येऊन त्यांनी मोरीत अंघोळ केली. ओल्या केसांनी, धुतलेलं धोतर नेसून ते गंगाळासमोर मांडी घालून बसले. आत्याला वाटलं, भाऊ एकदाचा देवाला शरण आला. ती आनंदानं मागे येऊन उभी राहिली. बाबांनी पाण्यात हात घातला आणि पहिल्यांदा बाळकृष्ण बाहेर काढला.

"भाऊ, हे काय करून राहिला," आत्या म्हणाली. "अर्ध्यात काढाचे नसते गा. घरावर येते."

"आलंच आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी एकेक देव काढला, आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं कोरडा केला आणि ओळीनं पाटावर ठेवला. लाकूड घासून गुळगुळीत करायचा हात होता तो, टाकाच्या खाचांतूनही पाणी टिपलं. मग ते देवांशी बोलले. आरतीच्या सुरात नाही, कामावरच्या माणसाशी बोलावं तसं.

"आयक गा. मी तुले आजपावतर काई मागतलं नाही. म्हणून मले मागता येत नाही. माह्या बहिणीनं तुले कोंडलं, मी कोंडू देलं, कारण मले बी वाटलं होईल काई. मले ही बाई पाहिजे. वाचवता येत असन तं अजूनई वाचव. मी तुह्यी इच्छा-बिच्छा म्हणणार नाही, माह्यी इच्छा वेगळी आहे. पण ती तहानली आहे, आन ते मले पाहवत नाही. मी तिले पाणी देऊन राहिलो. डॉक्टर नाही म्हणते, बहीण नाही म्हणते. तू बी नाही म्हणत असशीन तं म्हण. मी देतो."

ताटीवरून पाणी टपकत होतं. बाबा उठले, माठातून लोटा भरला आणि मायच्या पाठीमागे हात घालून तिला सरळ केलं.

ती प्यायली. आधी घोटघोट, मग घटाघटा, हनुवटीवरून पाणी गळ्यात उतरलं, लुगडं भिजलं. थांबून श्वास घेतला आणि पुन्हा प्यायली. लोटा संपला तेव्हा तिनं तो हातात घेऊन आत पाहिलं, जसं लहान मूल पाहतं. बाबांनी दुसरा भरला. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी ते सुख म्हणेन. त्याची किंमत मला ठाऊक होती, तरी म्हणेन.

मग तिनं पाटावरच्या देवांकडे पाहिलं. कोरडे, फुलांशिवाय, गंधाशिवाय बसलेले. म्हणाली, "आता सांगते. आता पाण्यासाठी नाही बोलून राहिली, म्हणून आता आयका. मले जगाचं होतं. याचं लगीन पाहाचं होतं. नाही जमत तुमच्यानं तं नाही. पण मी खुशीनं येऊन नाही राहिली, हे ध्यानात ठेवा."

आत्या पदर तोंडाला लावून खाली बसली. ती पहिल्यांदाच काही न मागता रडली.

संध्याकाळी श्वास वाढला. डॉक्टर आले, त्यांनी लोटा पाहिला, तिचे ओले ओठ पाहिले. नाडी धरून बसले आणि जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी तिला ग्लानी आली. मधूनच डोळे उघडायची, बाबा चमच्यानं पाणी द्यायचे, गिळता येईल तेवढं ती गिळायची, उरलेलं बाहेर यायचं. शेवटी शेवटी छातीत घरघर सुरू झाली. पाणीच होतं ते, छातीत भरलेलं. ज्या पाण्यानं तिला सुख दिलं त्यानंच तिला बुडवलं, हे मी गोड करून सांगणार नाही. तिसऱ्या दिवशी, दिवस वर आल्यावर, ती गेली. बाबांचा हात तिच्या पायावर होता.

तेरवीपर्यंत आत्या राहिली. परत जाण्याच्या सकाळी, एसटीला वेळ असताना, तिनं मनातलं बाहेर काढलं. बाबांना म्हणाली, देव बाहेर काढले म्हणून भावजय गेली, नाहीतर टिकली असती. तुझ्या हातानं झालं हे.

मला उत्तर द्यायचं होतं. माझ्याकडे मूत्रपिंडांपासून सगळी उत्तरं तयार होती. बाबांनी मला हातानं थांबवलं.

"झालं असन," ते म्हणाले. "माह्याच हातानं झालं असन. पण मी त्याच्याशी खोटं नाही बोललो, बाई. आन तिच्याशी बी नाही. तुले राग आला असन तं तू बी त्याले सांग. त्याले तुह्या रागानं काई होत नाही."

आत्यानं पिशवी उचलली. मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो. बस सुटताना खिडकीतून एवढंच म्हणाली, तुझ्या बाबाचं जेवण पाहत जा.

त्यानंतर घरात पूजा करायला कोणी नव्हतं. बाबांची सकाळची पाळी लवकरची, म्हणून पूजा माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मी देवांना अंघोळ घातली आणि सवयीनं स्तोत्र सुरू केलं. दोन ओळींवर थांबलो. पुढचं येत नव्हतं असं नाही, ते आजही झोपेत म्हणून दाखवीन. पण शेवटी जे 'तुझी इच्छा' म्हणायचं होतं ते तोंडातून निघेना. मी पदवीधर माणूस, नीट मराठी बोलणारा, कचेरीत इंग्रजीत टिपणं लिहिणारा. त्या सकाळी माझ्या तोंडून घरचीच बोली निघाली.

"माय गेली. मले हे पटलं नाही. तू काहून केलं हे मले मालूम नाही, आन तू सांगशीन असं बी वाटत नाही. पण मले हे पटलं नाही, आन पटलं असं मी म्हणणार नाही."

मी गंध लावलं, फूल ठेवलं, चहा टाकला. बाबा त्या दिवशी उशिरा जाणार होते. ते मागे उभे होते हे मला कप भरताना कळलं. त्यांनी ऐकलं असावं.

"रोज म्हणशीन?" त्यांनी विचारलं.

"जोपर्यंत पटत नाही तोपर्यंत."

"म्हण," ते म्हणाले. "मी बी मशीन चालू करताना म्हणतो. आवाजात कोणाले आयकू येत नाही." त्यांनी कप घेतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं मीही माझा कप घेऊन त्यांच्याजवळ गेलो.